कॅराव्हॅनमधील गरम पाण्याचा दुर्गंध

कॅराव्हॅन म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी. तिच्या गरम पाण्याच्या टाकीतून व नळ्यांतून येणारा नासक्या अंड्यासारखा वास, त्याची कारणे आणि तो घालवण्याचे उपाय या नोंदीत दिले आहेत. हा वास हायड्रोजन सल्फाइड या वायूचा असतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. वेरूळ, अजिंठा, औंढा नागनाथ, परळी, माहूर अशा वाटेने अशी गाडी नेणाऱ्याला मराठवाड्यात जिथे मिळेल तिथे पाणी भरून घ्यावे लागते. दोन-चार मुक्काम होतात, गाडी महिनाभर दारात उभी राहते आणि पुढच्या वेळी तोटी उघडली की वास मारतो. बहुतेक जण हीटर खराब झाला असे समजतात. हीटर बहुधा ठीक असतो. दोष पाण्याचा, ते साचून राहण्याचा आणि टाकीतल्या एका धातूच्या कांडीचा असतो.

वासाचे मूळ सल्फेट-क्षपणी जीवाणूंत आहे. डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मार्टिनस बायजेरिंक यांनी १८९५ मध्ये असा पहिला जीवाणू वेगळा केला. हे जीवाणू प्राणवायूऐवजी पाण्यातल्या सल्फेटवर श्वसन करतात आणि त्यातून सल्फाइड बाहेर पडते. त्यांना लागतात तीन गोष्टी: प्राणवायू नसलेली जागा, पाण्यात सल्फेट आणि कोमट ऊब. साधारण २५ ते ४५ अंश सेल्सिअस तापमानात त्यांची वाढ जोमाने होते, ६० अंशांच्या वर पाणी बराच वेळ टिकले तर बहुतेक मरतात. बंद हीटरमध्ये तिन्ही गोष्टी आयत्या मिळतात. शिवाय पाणी तापले की वायूची विद्राव्यता घटते, म्हणून गार पाण्यात दबून असलेला वास गरम तोटीतून भसकन बाहेर येतो.

घरातल्या गीझरपेक्षा गाडीत हे जास्त होते, कारण गाडी बहुतांश काळ उभीच असते. हीटरची टाकी लहान असते. परदेशी बनावटीच्या गाड्यांत साधारण २३ किंवा ३८ लिटरची, आपल्याकडे बांधून घेतलेल्या गाड्यांत त्याहूनही लहान. मे महिन्यात बीड-परभणीकडे पारा ४२ अंशांवर गेला की उन्हात उभ्या गाडीतली टाकी हीटर न लावताही कोमट राहते. जीवाणूंच्या दृष्टीने हा सुगीचा काळ.

आता पाण्याकडे पाहू. मराठवाड्याखालचा काळा कातळ, म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, हा काही गंधकाचा खडक नव्हे. विहिरी-बोअरच्या पाण्यात सल्फेट येते ते मुख्यतः वरून: रासायनिक खते, शेतातून झिरपलेले पाणी, सांडपाणी. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेटच असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) सल्फेटची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर ४०० पर्यंत चालते. सल्फाइडची मर्यादा मात्र फक्त ०.०५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे सल्फेटच्या बाबतीत पूर्ण पास झालेले पाणीसुद्धा टाकीत कुजले की नाकाला असह्य होऊ शकते. लातूर, धाराशिव भागात दुष्काळात बोअर आठशे-हजार फूट खाली गेले. इतक्या खोलच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि क्लोरीन तर नसतेच. ढाब्यावर किंवा शेतावर पाइप लावून भरलेले पाणी बहुधा याच जातीचे. नळाचे पाणी क्लोरीन घालून सोडलेले असते, पण जिथे नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येते तिथे ते हौदात आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीत पडून राहते आणि त्यातले क्लोरीन उडून जाते.

पाणी गढूळ दिसले की तुरटी फिरवण्याची सवय आपल्याकडे जुनी. गाळ बसवायला ती उत्तमच, पण या वासावर तुरटी हा उलटा उपाय आहे. तुरटी स्वतःच सल्फेट आहे. एक ग्रॅम तुरटीत सुमारे ०.४ ग्रॅम सल्फेट असते. गाळ बसवायचा तर बादलीत बसवावा, गाडीच्या टाकीत तुरटी सोडू नये.

तिसरा घटक म्हणजे अ‍ॅनोड. काचेचा मुलामा दिलेल्या पोलादी टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी बसवलेली असते. टाकीचे पोलाद गंजण्याऐवजी ही कांडी झिजते, म्हणून प्लंबर तिला ‘रॉड’ एवढेच म्हणून दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. झिजताना रासायनिक क्रियेतून हायड्रोजन तयार होतो आणि तोच या जीवाणूंना खाद्य म्हणून चालतो. काही पाण्यात त्यामुळे वास एकदम वाढतो. यावर काही जण कांडी काढून टाकतात आणि भोकाला बूच मारतात. वास कमी होतो, पण टाकी गंजायला लागते. मॅग्नेशियमऐवजी अ‍ॅल्युमिनियम-जस्ताची कांडी बसवणे हा त्याहून शहाणा मार्ग. विजेवर चालणारी टायटेनियमची कांडीही मिळते. ती झिजत नाही, मात्र तिला वीज सतत लागते. काही हीटरची टाकीच अ‍ॅल्युमिनियमची असते, तिला कांडी नसते. आपला हीटर कोणत्या प्रकारचा आहे हे आधी पुस्तिकेत पाहावे.

उपाय करण्याआधी वास नक्की कुठून येतो हे पाहावे, कारण निम्मी धावपळ इथेच वाचते. स्वच्छ पेल्यात गरम पाणी घेऊन गाडीबाहेर उघड्यावर जावे आणि तिथे हुंगावे. बाहेर वास नसेल तर दोष पाण्याचा नाही, मोरीखालच्या ट्रॅपचा, म्हणजे पाणी अडवून धरणाऱ्या वाकड्या नळीचा आहे. ट्रॅपमधले पाणी उन्हाळ्यात पाहता पाहता वाळते आणि सांडपाण्याच्या टाकीची घाण हवा वर येते. त्यात तांब्याभर पाणी ओतले की काम झाले. पेल्यातल्या पाण्याला वास असेल तर गार तोटीचे पाणीही तसेच तपासावे. दोन्हींना वास असेल तर गाडीची मूळ टाकी (जिच्यात पाणी भरून घेतो ती) किंवा बोअरच दोषी; फक्त गरमला असेल तर हीटर. चांदीची जोडवी किंवा पैंजण आंघोळीनंतर काळवंडू लागले तर तेही सल्फाइडचेच लक्षण. पाण्यात काळे कण दिसले तर ते बहुधा लोह सल्फाइडचे असतात. एक सावधगिरी: वास तोटीपाशी नसून हीटरच्या कप्प्यापाशी येत असेल तर तो गॅसगळतीचा असू शकतो, कारण एलपीजीत मुद्दाम इथिल मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. अशा वेळी सिलिंडर बंद करून दारे-खिडक्या उघडणे हेच पहिले काम. हायड्रोजन सल्फाइडने नाक बधिर होते, म्हणून ‘आता वास येईना’ यावर विसंबू नये. बाहेर चक्कर मारून आलेल्या माणसाला हुंगायला लावावे.

सफाईचा मुख्य उपाय क्लोरीन. आधी हीटरची वीज आणि गॅस दोन्ही बंद करून पाणी पूर्ण गार होऊ द्यावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ बंद असलेल्या टाकीत हायड्रोजन साठलेला असू शकतो आणि तो पेट घेतो, म्हणून पहिल्यांदा तोटी उघडताना जवळ शेगडी किंवा विडी-काडी नको. पंप बंद करावा, गरम तोटी उघडून दाब सोडावा आणि मगच खालचे बूच किंवा कांडी काढावी. कांडी असलेल्या एका प्रचलित हीटरला २७ मिमीचा बॉक्स पाना लागतो. साध्या पान्याने नटाचे कोपरे गुळगुळीत होतात. बूच निघाले की आधी गढूळ पाणी येते आणि मागोमाग पांढऱ्या क्षारांचे पापुद्रे. इकडचे पाणी जड असल्याने हा थर चांगलाच जाड निघू शकतो, आणि जीवाणू याच थराखाली दडून बसतात. पाण्याची बारीक धार आत मारून तो निघेल तेवढा काढावा. हे टाळून नुसते क्लोरीन ओतले तर वास पुन्हा डोके वर काढतो.

बूच लावून झाले की गाडीच्या मूळ टाकीत क्लोरीनचे पाणी तयार करावे. लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन आणि चार तास मुरवणे हे प्रमाण सर्वसाधारण मानले जाते. पाच टक्के सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण असेल तर लिटरमागे एक मिलिलिटर, म्हणजे १०० लिटरला १०० मिलिलिटर. गावात ग्रामपंचायतीची टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर सहज दिसते. ताज्या पावडरीत सुमारे एक तृतीयांश क्लोरीन असते, म्हणून १०० लिटरला १५ ग्रॅम पुरते. पावडर सरळ टाकीत टाकू नये. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणीच ओतावे, नाहीतर पंपाची जाळी चुन्याने बुजते. उघड्या पोत्यातली, ओल लागलेली पावडर निकामी झालेली असते. सुगंधी किंवा फेस येणारे ब्लीच घेऊ नये. पाणी भरण्याआधी गाळणीतले कार्बनचे काडतूस काढून ठेवावे, ते क्लोरीन गिळून टाकते.

यानंतरची पायरी सगळ्यांत जास्त चुकते. हीटरला वळसा घालून पाणी नेणारा बायपास वॉल्व असतो. तो बायपासवरच राहिला तर क्लोरीन सगळ्या नळ्यांत फिरते, फक्त जिथे जायला हवे त्या हीटरमध्ये जात नाही. वॉल्वची मूठ हीटरकडे वळवावी, मग एकेक गरम तोटी उघडून क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी वाहू द्यावे. शॉवर आणि गाडीच्या बाहेरची हात धुण्याची तोटी विसरू नये. सुरुवातीला पाणी दुधाळ आले तर घाबरू नये; सल्फाइडचे गंधकात रूपांतर होताना तसे होते. चार तासांनी सगळे काढून दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवावे.

म्हणजे १०० लिटरच्या गाडीला या सफाईत तीन-चारशे लिटर पाणी लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात हा हिशेब हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून हे काम दिवाळीच्या आसपास, विहिरी भरलेल्या असताना उरकावे. काढलेले क्लोरीनचे पाणी सांडपाण्याच्या टाकीत सोडावे, तिचीही सफाई होते. पिकात, ओढ्यात किंवा विहिरीच्या काठाला ओतू नये.

क्षार काढायला व्हिनेगर चालते, पण क्लोरीनशी त्याची गाठ कधीही पडू देऊ नये. विषारी क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगर वापरून, भरपूर धुऊन, मगच क्लोरीन. अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीत क्लोरीन रात्रभर मुरवू नये, ते धातूला खाते. तिथे औषधाच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड हा सौम्य पर्याय आहे. तेही सल्फाइड नष्ट करते आणि मागे वास सोडत नाही. फिनेल किंवा अत्तराचे थेंब टाकीत घालणाऱ्यांना काय म्हणावे? त्याच पाण्याने पुढे दात घासायचे असतात.

वास पुन्हा येऊ नये यासाठी गाडी उभी करताना हीटर रिकामा करणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय. निघताना एकदा पाणी ६० अंशांपर्यंत तापवून अर्धा तास तसेच ठेवावे. त्या पाण्याने कातडी भाजते, लहान मुलांना तोटीपासून दूर ठेवावे. पाणी भरताना गावातल्या जलसुरक्षकाला, म्हणजे पाण्याची देखरेख करणाऱ्याला, ‘ओटी घेतली का’ असे विचारता येते. ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पाणी पिवळे झाले की क्लोरीन आहे असे समजतात, आणि ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन असलेले पाणी हीटरमध्ये जीवाणूंना सहज थारा देत नाही.

गावातल्या दुसऱ्या एका चाचणीने मात्र घोटाळा होतो. ‘एच-टू-एस’ची (म्हणजे हायड्रोजन सल्फाइडची) बाटली म्हणून ओळखली जाणारी ही चाचणी ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये मांडली. तिच्यात पाणी काळे पडले तर ते विष्ठेने दूषित असण्याची शंका घेतात. मूळ पाण्यात आधीपासून वायू असेल तर बाटली त्यामुळेही काळी पडू शकते, तेव्हा वास मारणाऱ्या बोअरचा निकाल एवढ्यावर लावू नये. किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरच्या गरम झऱ्याला लोक गंधकाचे पाणी म्हणतात आणि त्वचेच्या तक्रारींसाठी तिथे आंघोळीला जातात. कुंडावर जे औषधी मानतात, ते शॉवरमधून आले की प्लंबरला फोन जातो.

हाच त्रास गच्चीवरच्या सौर बंबालाही होतो. उन्हाळ्यात गरम पाणी कोणी वापरत नाही, टाकी महिनोन्‌महिने साचते आणि पावसाळ्यातल्या पहिल्या आंघोळीला वास येतो, इलाजही तोच. तांब्याच्या जुन्या बंबाला ही तक्रार नव्हती: पाणी रोजच्या रोज संपत असे, त्यात मॅग्नेशियमची कांडी नसे आणि तांबे जीवाणूंना मानवत नाही. टाकीच नसलेला तात्काळ गॅस गीझरही या वासापासून मुक्त असतो, पण बंद गाडीत त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, म्हणून धूर बाहेर नेणारी नळी नसलेला गीझर गाडीत बसवू नये.