शर्यत संघाची इंजिन कंपनी

शर्यत संघाची इंजिन कंपनी : मोटार शर्यतीत उतरणाऱ्या संघाने दुसऱ्याच्या इंजिनावर विसंबून न राहता ते बनवण्यासाठी उभारलेली कंपनी. चासी (गाडीचा सांगाडा) संघाची आणि इंजिन बाहेरचे, ही फॉर्म्युला वनमधील जुनी वाटणी आहे. इंजिन देणारा मधेच निघून गेला, की ती मोडते. अशा अडचणीच्या वेळीच संघ इंजिनाकडे वळल्याची उदाहरणे अधिक आहेत. हौसेपोटी वळलेले थोडे.

उगम : असा पहिला संघ कोणता, याबद्दल एकमत नाही, आणि मतभेद मुख्यतः ‘स्वतःचे इंजिन’ कशाला म्हणायचे यावर आहे. स्कुदेरिया फेरारी हा संघ १९२९ मध्ये मोडेना येथे निघाला. तो अल्फा रोमिओच्या गाड्या पळवत असे. १९३७-३८ च्या सुमारास याच संघाच्या वर्कशॉपमध्ये अल्फा १५८ ही गाडी आकाराला आली. एका ओळीत आठ सिलिंडर असलेल्या तिच्या १.५ लिटर इंजिनाचा आराखडा जोआक्किनो कोलोंबो यांचा होता. काही लेखक गणना इथूनच सुरू करतात. परंतु गाडी आणि इंजिन दोन्ही अल्फाच्या मालकीचे होते, त्यामुळे हे मत टिकणे अवघड आहे.

दुसरे मत १९४० च्या ८१५ या गाडीला मान देते. अल्फापासून वेगळे झाल्यावर संघाचे संस्थापक एन्झो फेरारी यांनी आउतो आविओ कोस्त्रुझिओनी ही कंपनी काढली व तिच्या नावाने दोन गाड्या बांधल्या. इंजिन १,४९६ घ.सेंमी.चे, आठ सिलिंडरचे. ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य भाग) नवा, पण त्यावर फियाट ५०८ सी या चार सिलिंडरच्या गाडीची दोन हेड (सिलिंडरवरची झाकणे) शेजारी शेजारी बसवलेली. एप्रिल १९४० मध्ये ब्रेशियाच्या शर्यतीत दोन्ही गाड्या वाटेत थांबल्या. तिसरे मत १९४७ च्या १२५ एस या गाडीतील १.५ लिटर व्ही-१२ इंजिनाच्या बाजूचे आहे. ब्लॉक, हेड आणि क्रँकशाफ्ट हे तिन्ही एकाच आराखड्यातून निघालेले ते पहिले, म्हणून प्रस्तुत नोंदीचा कल या मताकडे आहे. अर्थात फेरारी ही संघातून वाढून अखंड मोटार कारखाना झाली. इंजिनासाठी वेगळी कंपनी अशी अट घातली, तर उत्तर बरेच पुढे सरकते.

ब्रिटनमधील व्हॅनवॉल हा संघ या वादात बाजूला राहतो, पण त्याची बांधणी समजून घेण्यासारखी आहे. मालक टोनी व्हँडरवेल यांचा मूळ धंदा पातळ बेरिंग शेल बनवण्याचा. त्यांच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचा वरचा भाग नॉर्टन मोटारसायकलवर बेतलेला होता आणि क्रँककेस रोल्स-रॉइसच्या एका लष्करी इंजिनाच्या धर्तीवर. संघाने १९५८ मध्ये, निर्मात्यांसाठीचे विश्वविजेतेपद सुरू झाले त्याच वर्षी, ते जिंकले. जॅक ब्रॅबहॅम यांनी १९६६ मध्ये स्वतःच्या नावाच्या गाडीतून विश्वविजेतेपद मिळवले, तेही सुटे भाग बनवणाऱ्या ऑस्ट्रेलियन रेप्को कंपनीच्या व्ही-८ वर. इंजिन ओल्डस्मोबिलच्या ॲल्युमिनियम ब्लॉकवर आधारलेले, आराखडा फिल आयर्विंग यांचा. शर्यतीचे इंजिन काढताना सुटे भाग बनवणाऱ्यांचे हात उपयोगी पडतात, हे या दोन्ही उदाहरणांत दिसते.

डॅन गर्नी यांच्या ईगल गाडीतील गर्नी-वेस्लेक व्ही-१२ ने १९६७ ची बेल्जियन ग्रां प्री जिंकली. इंजिन देखणे आणि ताकदवान होते. परंतु जुन्या यंत्रांवर कापलेले भाग हाताने घासून बसवावे लागत, त्यामुळे एका इंजिनाचा भाग दुसऱ्याला नीट लागत नसे. खालच्या भागातून तेल वेळेवर उपसले न गेल्याने शक्तीही घटे. संघाच्या इंजिनांत वारंवार दिसणारा दोष हाच आहे: पहिले इंजिन उत्तम होते, सहावे त्याच्यासारखे होत नाही.

वेगळ्या कंपनीचे सर्वांत स्वच्छ उदाहरण इल्मोर. कॉसवर्थ ही इंजिन कंपनी सोडलेले मारिओ इलियन व पॉल मॉर्गन यांनी रॉजर पेन्स्के या अमेरिकन संघमालकाच्या भागीदारीत ती १९८३ च्या अखेरीस काढली. नाव दोघांच्या आडनावांची सुरुवातीची अक्षरे जोडून झाले. कारखाना इंग्लंडमध्ये ब्रिक्सवर्थ येथे. इंजिन १९८६ मध्ये शर्यतीत उतरले आणि १९८८ मध्ये रिक मिअर्स यांनी त्यावर इंडियानापोलिस ५०० जिंकली. याच कारखान्यात पुढे मर्सिडीजची फॉर्म्युला वन इंजिने होऊ लागली. मॅक्लारेन संघाने मात्र बांधणी स्वतःकडे घेतली नाही. टॅग या कंपनीच्या पैशाने पोर्शकडून व्ही-६ टर्बो इंजिन बनवून घेतले आणि १९८४, १९८५, १९८६ अशी सलग तीन चालक विजेतेपदे मिळवली. ॲरोज संघाने १९९८ मध्ये ब्रायन हार्ट यांचे व्ही-१० स्वतःच्या नावाने वापरले; १९९९ मध्ये एकच गुण मिळाला व पुढच्या हंगामात इंजिन बाहेरचे आले.

रेड बुल : या संघाला इंजिन देणाऱ्या होंडाने ऑक्टोबर २०२० मध्ये माघार जाहीर केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये इंजिनांचा विकास २०२२ पासून गोठवण्यावर सहमती झाली आणि त्याच महिन्यात रेड बुल पॉवरट्रेन्स ही कंपनी मिल्टन कीन्स येथे उभी करण्याचे ठरले. गोठवणूक नसती, तर नव्या कंपनीला पहिल्याच वर्षी चालत्या इंजिनावर संशोधनाचा खर्च करावा लागला असता. २०२२ च्या निकालपत्रकात इंजिनाचे नाव ‘आरबीपीटी’ (रेड बुल पॉवरट्रेन्स) असे लागते. प्रत्यक्षात इंजिने जपानमध्ये होंडाच्या साकुरा येथील कारखान्यात जुळत होती. त्या वर्षीचे विजेतेपद संघाच्या इंजिनाच्या खाती धरू नये, हेच योग्य वाटते. फोर्डबरोबरची भागीदारी फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झाली, ती २०२६ च्या नियमांसाठी: १.६ लिटर व्ही-६ टर्बो, ३५० किलोवॉटची (किवॉ.) विद्युत मोटर, पूर्णतः शाश्वत इंधन, आणि एक्झॉस्टवरची विद्युत मोटर रद्द. ती मोटर गेल्याने नव्या कंपनीचा प्रवेश सोपा झाला, कारण जुन्या उत्पादकांची सर्वांत मोठी आघाडी तिच्यात होती. उत्पादकांवर २०२३ पासून खर्चाची मर्यादाही आहे.

निर्मिती : मोजमापांची कल्पना यावी म्हणून खानदेशात विहिरीवर बसणारे किर्लोस्कर एव्ही-१ हे डिझेल इंजिन घ्यावे. त्याचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८० मिमी, आणि फॉर्म्युला वनच्या व्ही-६ चाही ८० मिमी! साम्य इथेच संपते. एव्ही-१ चा स्ट्रोक (पिस्टनची धाव) ११० मिमी, फेरे मिनिटाला १,५००, शक्ती ३.७ किवॉ.; व्ही-६ चा स्ट्रोक ५३ मिमी व फेरे १२,००० च्या घरात. पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला ५.५ मी. वरून सुमारे २१ मी. होतो, म्हणजे चौपटीच्या आत राहतो. पण पिस्टन वर जाऊन फिरताना त्याला बसणारा हिसका सुमारे ३० पट होतो, कारण तो फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. पिस्टन पिन, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट आणि बिग एंड बेरिंग यांचे सारे दुखणे या एका आकड्यात आहे.

काम एका सिलिंडरच्या चाचणी इंजिनाने सुरू होते. ज्वलनकक्षाचा आकार, इंजेक्टरची जागा व ठोका (इंधनाचे अवेळी पेटणे) यांचा निकाल तिथे लागल्याशिवाय ब्लॉकचे साचे करू नयेत. ॲल्युमिनियमच्या ओतकामात मुख्य शत्रू हायड्रोजन. ओलाव्यातून तो वितळलेल्या धातूत शिरतो आणि थंड होताना सुईच्या टोकाएवढी छिद्रे सोडतो. म्हणून ओतण्यापूर्वी फिरत्या नळीतून आर्गॉन किंवा नायट्रोजन सोडून धातूतील हायड्रोजन काढून टाकतात. पावसाळ्यात वाळू व करछुल्या तापवून कोरड्या करणे चुकवता येत नाही. नंतर ब्लॉक सुमारे ५४० अंश से. वर काही तास ठेवून पाण्यात बुडवतात व १५५ ते १६० अंशांवर मुरवतात. पाण्याच्या वाटा बंद करून हवेच्या दाबाखाली ब्लॉक गरम पाण्यात धरला, की बुडबुडे गळती दाखवतात.

क्रँकशाफ्ट अखंड पोलादातून कापून नायट्राइड करतात, म्हणजे नायट्रोजनने तिचा पृष्ठभाग कठीण करतात. कठीण थर मिलिमीटरच्या काही दशांशांएवढाच असतो. जर्नल (बेरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) व वेब (जर्नलांना जोडणारा भाग) यांच्या कोपऱ्यातील गोलाई हा सर्वांत नाजूक भाग आहे: ग्राइंडिंगच्या चाकाला गोलाईनुसार आकार न देता (ड्रेस न करता) ते चालवले, तर कोपरा तीक्ष्ण राहतो आणि तडा तिथूनच जातो. बेरिंगची फट जर्नलच्या व्यासाच्या हजारांश धरतात, ५० मिमी जर्नलला ०.०५ मिमी. पिस्टन रिंगच्या टोकांमधील फट ८० मिमी बोअरला साध्या पेट्रोल इंजिनात ०.३२ मिमी, टर्बोत ०.४८ मिमीच्या आसपास. ती कमी ठेवली, तर तापल्यावर रिंगची टोके एकमेकांना भिडतात, रिंग मोडते आणि लायनर ओरबाडला जातो.

खानदेशातील संदर्भ : मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात. ट्रक, ट्रॅक्टर व पंपाच्या इंजिनांमुळे जळगाव-धुळे पट्ट्यात बोअर करणे, क्रँक घासणे व हेड प्लेन करणे ही कामे चालतात. ०.२५, ०.५०, ०.७५ मिमीच्या ओव्हरसाइज पिस्टनांवर चालणारे हे कौशल्य शर्यतीच्या कामापासून फार दूर नाही. अंतर तीन गोष्टींत आहे. एक, होनिंग करताना (बोअर आतून घासून गुळगुळीत करताना) ब्लॉकवर हेडच्या जागी जाड पोलादी पाट कसून बसवावा लागतो, कारण बोल्ट आवळले की गोल बोअर शतांश मिलिमीटरने वाकडा होतो. पाट न लावता केलेला बोअर गेजवर अचूक दिसतो आणि जुळणीनंतर रिंगा तेल खातात. दोन, नायट्राइड क्रँक अंडरसाइज घासली, तर कठीण थर पातळ होतो; पुन्हा नायट्राइड करून घ्यावी. तीन, डायनो, म्हणजे इंजिनाची शक्ती मोजणारे यंत्र.

डायनोची खोली ही इंजिन कंपनीची खरी मालमत्ता आहे, आणि तिथे इथल्या उन्हाचा हिशेब आधीच मांडावा लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांवर जातो. इंजिनाची शक्ती मोजण्याच्या आयएसओ १५८५ या मानकाचा संदर्भ २५ अंशांचा. पेट्रोल इंजिनासाठी तापमानाची दुरुस्ती निरपेक्ष तापमानांच्या गुणोत्तराचा ०.६ घात. म्हणजे ४५ अंशांना आकडा सुमारे १.०४ ने, तर १२ अंशांच्या हिवाळी पहाटे ०.९७ ने गुणावा. दुरुस्ती न करता मेच्या दुपारचा आकडा डिसेंबरच्या आकड्याशी ताडला, तर नुसत्या हवेमुळे साडेसहा टक्क्यांचा फरक पडतो आणि बिचाऱ्या कॅमशाफ्टला दोष लागतो. वॉटर ब्रेकवर (पाण्याने शक्ती शोषणाऱ्या डायनोवर) १०० किवॉ. शोषायला, पाणी ३० अंशांनी तापू दिले, तर मिनिटाला सुमारे ४८ लिटर लागतात. धुळे-साक्रीकडच्या टंचाईत ते फिरवून वापरण्यासाठी कूलिंग टॉवर हवाच. कापसाच्या हंगामात जिनिंगजवळच्या हवेतील तूस रेडिएटरच्या जाळीत आणि एअर फिल्टरवर बसते, म्हणून दर चाचणीआधी फिल्टरवरील दाबाची घट मोजावी.

अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्पर्धेत ७१० घ.सेंमी.पर्यंतचे इंजिन चालते आणि पेट्रोलवर सर्व हवा २० मिमी व्यासाच्या अरुंद नळीतून घ्यावी लागते. या भागातील संघांना संपूर्ण इंजिन ओतण्यापेक्षा मोटारसायकलच्या इंजिनाला नवा ड्राय सम्प (तेल वेगळ्या टाकीत ठेवणारी रचना), इनटेक (हवा आत नेणारी वाट) व इसीयूचा (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचा) नकाशा तयार करणे आवाक्यातले आहे. यांत ड्राय सम्प आधी घ्यावा: मूळ सम्पमध्ये लांब वळणावर तेल एका बाजूला सरकते, पंप हवा ओढतो आणि दाबाचा काटा खाली येण्याआधीच बिग एंड बेरिंग गेलेले असते. वळणात तेलाच्या दाबाची नोंद सेकंदाला १०० वेळा घेतली, तर ही घट दिसते. डॅशबोर्डवरच्या काट्यावर ती दिसत नाही.