इटलीत फक्त मोठ्या शहरांचेच संघ जिंकतात?

फुटबॉलप्रेमींमध्ये वर्षानुवर्षे फिरणारं वाक्य: ‘इटलीची लीग कायम मिलान, तोरिनो, रोम अशा मोठ्या शहरांनीच जिंकली, छोट्या गावांच्या वाट्याला काही आलं नाही.’

आजचं चित्र पाहून असं वाटणं स्वाभाविक आहे. पण मिलान आणि तोरिनोच्या मधोमध, भातशेतीच्या पट्ट्यात वेर्चेल्ली नावाचं छोटं शहर आहे. तिथल्या पांढऱ्या जर्सीवाल्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद 7 वेळा जिंकलं: 1908, 1909, 1911, 1912, 1913, 1921 आणि 1922. रोमच्या दोन्ही मोठ्या संघांची बेरीज 5 भरते! मे 1913 मध्ये बेल्जियमविरुद्ध खेळलेल्या इटलीच्या अकरा जणांत 9 वेर्चेल्लीचे होते. शेजारच्या कासालेनेही 1914 साली बाजी मारली.

गैरसमजाचं मूळ मोजणीत आहे. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायची एकच साखळी 1929-30 पासून सुरू झाली. त्याआधी प्रादेशिक गट आणि मग अंतिम सामने असत. अनेक याद्या 1929 पासूनच मोजतात. शिवाय जर्सीवरचा तारा 10 विजेतेपदांना एक मिळतो, त्यामुळे 7 वाल्याच्या छातीवर काहीच दिसत नाही.

पडताळायचं असेल तर विजेत्यांची यादी 1898 पासून सुरू होते का, ते आधी बघा. मग 1921-22 चा हंगाम शोधा. तिथे वेर्चेल्ली आणि नोवी लिगुरे अशा दोन गावांचे संघ दिसले, तर ती छपाईची चूक नव्हे. त्या वर्षी फूट पडून दोन स्पर्धा झाल्या आणि दोन्ही विजेतेपदं ग्राह्य आहेत.

नंतरच्या काळासाठी 1984-85 बघा: वेरोना.