फ्रीजरमधलं बेअरिंग

शनिवारी रात्री मोटारसायकलच्या गिअरबॉक्सचं नवं बेअरिंग प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मी फ्रीजरमध्ये मटारच्या पाकिटाशेजारी ठेवलं. रविवारी सकाळी गॅसवर एक जुनं मोठं पातेलं चढवलं. पाणी खळाखळा उकळायला लागल्यावर रॉकेलने धुऊन, साबणाने घासून, पूर्ण सुकवलेलं इंजिनाचं अर्धं केसिंग, म्हणजे बाहेरचं ॲल्युमिनियमचं कवच, त्यात बुडवलं. पंधरा मिनिटांनी ते बाहेर काढून फडक्यावर ठेवलं, बेअरिंगची जागा पुसली, आणि गारठलेलं बेअरिंग तिच्यावर सरळ धरून सोडून दिलं. ‘टक्’ असा आवाज झाला आणि ते तळाला जाऊन बसलं. हातोडीला हात लावावा लागला नाही.

हेच बेअरिंग थंड केसिंगमध्ये ठोकून बसवायला गेलं, तर दोन धोके असतात. ते जरा तिरकं झालं की ॲल्युमिनियमची जागा खरवडली जाते. आणि बेअरिंग म्हणजे दोन पोलादी कडी आणि त्यांच्यामध्ये गोळ्या; घाव आतल्या कड्यावर पडला तर तो गोळ्यांमधून जातो, त्यांच्या वाटेवर बारीक खड्डे पडतात, आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवसापासून घरघरायला लागतं.

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. धाव तापवली की तिचा घेर वाढतो, ती लाकडी चाकावर अलगद उतरते आणि पाणी ओतलं की आवळून बसते. केसिंगमधल्या भोकाचंही तसंच. धातू तापून फुगला की भोक आतून बुजेल, असं पुष्कळांना वाटतं. पण भोकाचा काठ म्हणजे एक धावच. तापल्यावर तीही मोठीच होते.

किती मोठी, ते कागदावर काढता येतं. ॲल्युमिनियम दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या दहा लाखांत सुमारे २३ भाग वाढतं, पोलाद सुमारे १२. बेअरिंगचा बाहेरचा व्यास ४७ मिमी धरू. केसिंग २८ अंशांवरून ९८ अंशांवर गेलं की भोक जवळजवळ ०.०७५ मिमीने रुंदावतं. बेअरिंग उणे १८ अंशांपर्यंत गारठलं की ०.०२५ मिमीने आक्रसतं. दोन्ही मिळून ०.१ मिमी. झेरॉक्सच्या पाचशे कागदांचा गठ्ठा साधारण ५ सेंमी जाड असतो, म्हणजे ही एका कागदाची जाडी झाली. बेअरिंग भोकापेक्षा मोठं असतं ते मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांनीच, त्यामुळे एका कागदाएवढी मोकळीक पुरून उरते.

पाणी का, थेट गॅसची ज्योत का नाही? उघड्या भांड्यातलं पाणी १०० अंशांच्या वर जातच नाही. कितीही आच दिली तरी जादा उष्णता वाफेबरोबर निघून जाते. पातेलं हेच आपलं तापमान-नियंत्रक. केसिंग सगळीकडून सारखं तापतं आणि वाकत नाही. ज्योतीखाली एकच कोपरा भाजून निघतो आणि पुढे दोन अर्ध्या भागांची तोंडं एकमेकांवर नीट बसत नाहीत. एवढं मात्र लक्षात ठेवा: पेट्रोल-रॉकेलचा वास येतोय तोवर केसिंग गॅसजवळ न्यायचं नाही, आणि ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला घ्यायचं नाही. गार बेअरिंगवर हवेतलं दव धरतं, म्हणून ते बसल्या बसल्या त्यावर इंजिन ऑईल सोडायचं.

बेअरिंगच गेलंय हे कळलं कसं, ते सांगायचं राहिलं. गाडी आमच्या घरची जुनी शंभर सीसीची, महाराष्ट्रातल्या प्रत्येक गल्लीत उभी असते तशी. चालवताना घरघर यायची, पण येते कुठून ते समजेना. मग मिस्त्री लोक करतात तेच केलं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाच्या पुढच्या हाडावर दाबली. धातूतून हवेत शिरताना ध्वनी जवळजवळ सगळाच परत फिरतो. ॲल्युमिनियममधून हवेत दहा हजारांतला जेमतेम एक भाग बाहेर पडतो. पोलादाच्या दांड्यातून थेट हाडाला दिला की हवेचा हा अडथळाच राहत नाही. हेडवर, म्हणजे सिलिंडरच्या झाकणावर, टेकवलं की व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या टॅपेटची टिकटिक ऐकू येते, इंजिनाच्या निम्म्या वेगाने, कारण व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदाच फिरतो. गिअरबॉक्सजवळ टेकवलं तेव्हा जात्यासारखी घरघर आली. गाडी न्यूट्रलला होती. क्लच दाबला, घरघर थांबली. सोडला, पुन्हा सुरू झाली. क्लच दाबल्यावर गिअरबॉक्सचा मुख्य शाफ्ट थांबतो. म्हणजे दोष त्याच्याच बेअरिंगमध्ये. (हे करताना केस, ओढणी, बाह्या चेनपासून लांब ठेवा.)

किकही हलकी लागत होती. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलं असेल तर ते पिस्टनभोवतीच्या रिंगांतून गेलंय की व्हॉल्व्हमधून, हे हेड न उघडता विचारता येतं. सिरिंजला बारीक नळी लावून प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑईल सोडायचं. या गाडीचा सिलिंडर जवळजवळ आडवा असतो, तेल खालच्या बाजूला साचतं, म्हणून इग्निशन बंद ठेवून प्लगविनाच दोन-चार किका मारून ते पसरवायचं. मग प्लग लावून पुन्हा किक. जड झाली तर रिंगा झिजल्यात, कारण तेलाने त्यांच्या फटी तात्पुरत्या भरून काढल्या. तशीच हलकी राहिली तर व्हॉल्व्ह गळतोय, तिथे तेलाचा उपयोग होत नाही. माझी किक जड झाली.

इंजिन उघडताना खरी झटापट क्रँकच्या टोकाच्या नटशी झाली. त्याला कडेला चार खाचा असतात, आणि बऱ्याच ठिकाणी तो छिन्नी-हातोडीने ठोकून काढतात. ते मला अजिबात पटत नाही. छिन्नीचा घाव एका बाजूने बसतो. तो नट फिरवतो, पण तेवढाच जोर शाफ्टला आडवाही ढकलतो. मी एक जुना गोटी पाना ग्राइंडरवर घासून त्याच्या तोंडाला चार दात ठेवले. चारही खाचांवर सारखा जोर पडला की आडवे धक्के एकमेकांना खोडतात आणि उरतो तो निव्वळ पीळ. शाळेत बलयुग्म शिकलो होतो ते हेच.

पण नट फिरवला की क्रँकही फिरतो. त्याला अडवायला प्लगच्या भोकातून मीटरभर नायलॉनची दोरी आत सोडली आणि पिस्टन हाताने वर आणला. दोरी दबली, पिस्टन अडला. मऊ दोरी पिस्टनच्या डोक्यावर भार वाटून देते. तिथे स्क्रू ड्रायव्हर घातला असता तर एकाच ठिपक्यावर सगळा जोर आला असता. दोरी कॉम्प्रेशनच्या फेरीतच घालायची, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, नाहीतर ती उघड्या व्हॉल्व्हखाली अडकते. सुती दोरी नको, तिचे धागे आत राहतात. शेवटचं टोक बाहेर गाठ मारून ठेवायचं.

जोडताना सगळ्यात जास्त नुकसान होतं ते जास्त आवळण्याने. केसिंगच्या ६ मिमी बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पीळ पुरतो. मनगटाला हा आकडा समजत नाही, आणि मऊ ॲल्युमिनियमचे आटे बोल्टच्या आधी हार मानतात. पीळ मोजणारा पाना, टॉर्क रेंच, नव्हता, म्हणून रद्दीवाल्याकडे असतो तसा हुकाचा ताणकाटा आणला. पीळ म्हणजे जोर गुणिले अंतर. बोल्टच्या मध्यापासून २० सेंमीवर पान्याला हुक अडकवून काटकोनात ओढलं, तर काटा ५ किलो दाखवतो तेव्हा १० न्यूटन-मीटर झाले. हुक तिरका धरला की हिशेब चुकतो. आटे कोरडे आणि स्वच्छ हवेत, कारण पिळातला मोठा वाटा घर्षणातच जातो, बोल्ट ताणायला थोडाच उरतो. तेल लागलं तर तोच काटा बोल्टला कितीतरी जास्त ताणतो.

काही ठिकाणी मात्र घरगुती युक्ती चालत नाही. साइड कव्हरचं कागदी पॅकिंग मी स्वतः कापलं. कव्हरवर कागद धरून काठावर हातोडीच्या गोल तोंडाने हलके टोले दिले की धातूची धारच कागद कापते. हेडखालचं हेड गॅस्केट आणि पिस्टन जोडणाऱ्या पिनचे लॉक नवेच आणले. पिनचं लॉक एकदा काढलं की त्याची स्प्रिंग मंदावते; चालत्या इंजिनात ते निसटलं तर पिन सरकून सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर चर पाडते.

नव्या रिंगा, नवं बेअरिंग, नवं ऑईल. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. स्क्रू ड्रायव्हर पुन्हा त्याच जागी टेकवला, क्लच दाबला, सोडला, परत दाबला. आवाजात फरक पडला नाही; घरघर गेली होती.