एल्कच्या शिकारीसाठी रायफलची गोळी

एल्क या उत्तर अमेरिकेतील मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी कोणत्या बांधणीची आणि किती वजनाची गोळी वापरावी, हा तिथल्या शिकाऱ्यांमधला पिढ्यान्‌पिढ्यांचा वाद आहे. वाद बहुधा काडतुसांच्या नावांवरून रंगतो: .२७० चांगले की .३०-०६, सात मिलिमीटर मॅग्नम की .३३८ (आकडा ढोबळमानाने गोळीचा व्यास, एरवी इंचात; मॅग्नम म्हणजे जादा दारूचे, जास्त वेगाचे काडतूस). पण जनावर लवकर मरते की जखमी होऊन दरीत नाहीसे होते, हे काडतुसाच्या नावापेक्षा गोळी आतून कशी बांधली आहे आणि ती शरीरात कुठे बसली यावर जास्त ठरते. म्हणून या नोंदीत मुख्य भर गोळीच्या बांधणीवर आहे.

मराठीत बोलताना काडतुसालाही आपण गोळीच म्हणतो. येथे काडतूस म्हणजे पितळी पुंगळी, टोपी, दारू आणि गोळी हे सारे मिळून. गोळी म्हणजे त्यातला नळीबाहेर पडणारा धातूचा तुकडा. गोळीचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. ७,००० ग्रेनचा एक पौंड होतो. एल्कसाठी सर्वाधिक नावाजलेले वजन १८० ग्रेन, म्हणजे नेमका एक जुना तोळा (११.६६ ग्रॅम), ब्रिटिश अमदानीत तोळ्याचे प्रमाण १८० ग्रेन असेच ठरवले होते.

जनावर

एल्क (सर्व्हस कॅनाडेन्सिस) मुख्यतः कोलोरॅडो, मोंटॅना, आयडाहो, वायोमिंग, ओरेगन, न्यू मेक्सिको अशा पश्चिमेकडील राज्यांत आढळते. त्यातही कोलोरॅडोत त्याची संख्या सर्वांत मोठी. नर खांद्याशी सुमारे दीड मीटर उंच आणि ३०० ते ३५० किग्रॅ. वजनाचा असतो, मादी २२५ किग्रॅ.च्या आसपास भरते. पॅसिफिक किनाऱ्याच्या ओल्या जंगलांतले रूझवेल्ट एल्क याहून भारी. आपल्याकडचा पूर्ण वाढलेला सांबर नर डोळ्यांसमोर आणला तर साधारण अंदाज येतो, आणि काश्मीरमधील दाचीगामचा हंगुल हा तर एल्कचा जवळचा नातलग आहे. युरोपात मात्र एल्क म्हटले की मूस हे याहूनही मोठे हरण समजतात. ते निराळे जनावर.

अमेरिकेत सर्वाधिक शिकार होते ती पांढऱ्या शेपटीच्या हरणाची, आणि बाजारातल्या बहुतेक गोळ्या त्याच्या मापाने घडवलेल्या असतात. एल्क त्याच्या तिप्पट-चौपट वजनाचे आहे. कातडे जाड, मानेभोवती दाट आयाळ, माजाच्या दिवसांत चिखलात लोळून अंगावर वाळलेला थर, आणि पुढच्या फऱ्याची (खांद्याची) हाडे भक्कम. हरणाच्या छातीतून सहज आरपार जाणारी गोळी एल्कच्या फऱ्यावर आदळून चुरा झाली तर वरवरची मोठी जखम होते, फुप्फुसे शाबूत राहतात आणि जनावर कित्येक दिवस तडफडते. योग्य गोळीचा आग्रह मुळात यासाठी आहे.

नेम धरायचा तो हृदय आणि फुप्फुसांवर. हा भाग फऱ्याच्या लगत मागे, छातीच्या खालच्या बाजूस साधारण ४० सेंमी. व्यासाचा असतो. जनावर अगदी आडवे उभे असेल तर गोळीला फक्त बरगड्या आणि फुप्फुसे भेदायची असतात, आणि तेव्हा जवळजवळ कोणतीही शिकारी गोळी काम करते. खरी परीक्षा तिरक्या उभ्या जनावरावर होते. समोरून तिरके असेल तर वाटेत फऱ्याचे हाड येते. मागून तिरके असेल तर गोळीला आधी पोटातली ओल्या चाऱ्याची रास पार करावी लागते, आणि ही रास गोळीचा वेग झपाट्याने खाते. म्हणून एल्कसाठी गोळी निवडताना सर्वांत सोपा नेम नव्हे, तर आपण घ्यायला तयार असलेला सर्वांत अवघड नेम धरून हिशेब करावा. तेवढी गोळी हाती नसेल, तर तो नेम सोडून द्यावा.

पसरणे आणि शिरणे

शिकारी गोळीने दोन परस्परविरोधी कामे करायची असतात. आत शिरताच तिचे टोक उमलून छत्रीसारखे रुंद व्हावे, म्हणजे वाटेतल्या रक्तवाहिन्या मोठ्या प्रमाणात फाटतात. आणि तरीही तिने खोलवर, शक्यतो पलीकडच्या कातड्यातून बाहेर जावे. जितकी रुंद उमलेल तितका विरोध वाढतो आणि शिरकाव घटतो. दोन भोकांचा फायदा मागकाढ्याला होतो. दोन्ही फुप्फुसे फुटलेले एल्कही कित्येकदा काही न झाल्यासारखे झाडीत चालत जाते. गोळी शिरल्याचे भोक चरबी आणि केसांनी बुजते, पण बाहेर पडल्याच्या भोकातून रक्ताचा माग जमिनीवर उमटतो.

उमलणाऱ्या गोळीच्या इतिहासात कोलकात्याजवळच्या डमडमचे नाव कायमचे जोडले गेले आहे. १८९० च्या दशकात तेथील शस्त्रागारात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याच्या देखरेखीखाली .३०३ रायफलसाठी मऊ टोकाची गोळी तयार झाली. पुढे १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात अशा गोळ्यांवर बंदी आणली. शिकारीत कायदा नेमका उलट बाजूने उभा आहे: शिशावर पूर्ण धातूचे कवच असलेली लष्करी गोळी जनावरातून सुईसारखी आरपार जाऊन त्याला जखमी करून सोडते, म्हणून कोलोरॅडोसह अनेक राज्यांत मोठ्या जनावरांसाठी उमलणारी गोळीच सक्तीची आहे.

गोळी उमलते ती वेगाच्या जोरावर, आणि सगळी अडचण इथेच आहे. .३०-०६ मधून १८० ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण २,७०० फूट (८२३ मीटर) वेगाने निघते. ४०० यार्डांवर (सुमारे ३६५ मीटर) तोच वेग सुमारे २,००० फुटांवर येतो. .३०० विंचेस्टर मॅग्नममधून त्याच वजनाची गोळी जवळपास २,९५० फुटांनी निघते. आता शिकाऱ्याला सकाळी दाट स्प्रूसच्या रानात तीस पावलांवर एल्क दिसेल की संध्याकाळी कुरणाच्या पलीकडे ३०० यार्डांवर, हे आधी ठाऊक नसते. मऊ गोळी जवळच्या नेमाला जास्त वेगामुळे फुटून विखुरते. कडक गोळी लांबच्या नेमाला उमलतच नाही. मॅग्नम काडतूस घेतले की प्रश्न सुटला असे समजणारे शिकारी पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात वाढीव वेगामुळे मऊ गोळीवरचा ताण वाढतो, आणि तिथे चांगल्या बांधणीची गरज कमी न होता अधिकच होते.

बांधणीचे प्रकार

सर्वांत जुना आणि स्वस्त प्रकार म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूचे पातळ कवच आणि आत शिशाचा गाभा. रेमिंग्टनची कोअर-लॉक्ट आणि हॉर्नेडीची इंटरलॉक या त्यातल्या प्रसिद्ध गोळ्या. मध्यम वेगाच्या काडतुसात, वजन पुरेसे ठेवून, त्यांनी असंख्य एल्क पाडले आहेत, आणि .३०-०६ मध्ये १८० ग्रेनची अशी गोळी घेऊन २०० यार्डांच्या आत नेम धरणाऱ्याला हिणवण्याचे काहीच कारण नाही. त्यांचा दोष एकच: हाडावर आदळल्यावर कवच आणि गाभा कधीकधी वेगळे होतात, आणि मग दोन्हींचा शिरकाव अर्ध्यावर थांबतो.

या दोषावरचा पहिला मोठा अमेरिकी उपाय एका फसलेल्या शिकारीतून निघाला. १९४६ मध्ये ओरेगनचे जॉन नॉसलर कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेले होते. हाती वेगवान .३०० एच अँड एच मॅग्नम होती, पण चिखलाने माखलेल्या मूसच्या अंगात गोळ्या खोल शिरेनात. परतल्यावर त्यांनी गोळीच्या मधोमध तांब्याच्या धातूची आडवी भिंत ठेवली. भिंतीच्या पुढे आणि मागे शिशाचे दोन स्वतंत्र गाभे. पुढचा गाभा उमलून झिजला तरी भिंतीमागचा भाग अखंड राहून पुढे घुसत राहतो. १९४८ मध्ये ही गोळी ‘पार्टिशन’ या नावाने विक्रीस आली आणि आजही बनते. मूळ वजनाचा साधारण दोन-तृतीयांश भाग ती टिकवते. उमलणे आणि शिरणे ही कामे एकाच गोळीच्या दोन भागांना वाटून देण्याची ही कल्पना इतकी साधी आणि अचूक आहे की नंतरच्या प्रत्येक गोळीची तुलना हिच्याशीच होत आली.

दुसरा मार्ग कवच आणि गाभा एकमेकांना घट्ट जोडून टाकण्याचा. ट्रॉफी बाँडेड, नॉसलर अ‍ॅक्युबाँड, स्विफ्ट सिरोको, फेडरल फ्यूजन या गोळ्या असे जोडकाम करतात. स्विफ्टची ए-फ्रेम तर भिंत आणि जोडकाम दोन्ही वापरते. एल्कसाठी एकच काडतूस आणि एकच गोळी घ्यायची असेल, आणि शिसे वापरण्यास कायद्याची आडकाठी नसेल, तर हा गट सर्वांत निर्धास्त म्हणावा लागेल. जवळच्या आणि लांबच्या दोन्ही नेमांना तो सांभाळून घेतो.

तिसरा मार्ग शिसेच वगळण्याचा. रँडी ब्रूक्स यांच्या बार्न्स कंपनीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस संपूर्ण तांब्याची एक्स गोळी आणली. टोकाला पोकळी असते. आदळल्यावर तांबे चार पाकळ्यांनी उलगडते आणि गोळी जवळजवळ सगळे वजन टिकवून आरपार जाते. २००३ च्या ट्रिपल-शॉक या सुधारित गोळीत अंगावर खाचा आल्या आणि नळीत तांबे साचण्याची जुनी तक्रार बरीच कमी झाली. तांब्याच्या गोळीला उमलण्यासाठी वेग लागतो; आदळताना तो किमान १,८०० ते २,००० फूट असावा असे सामान्यतः धरतात. त्यामुळे इथे वजन एक पायरी कमी घेऊन वेग वाढवणे शहाणपणाचे: १८० ऐवजी १६५ किंवा १५० ग्रेन. गोळी फुटत नसल्याने कमी वजनातही शिरकाव पुरेसा मिळतो.

याउलट लांब पल्ल्याच्या नेमबाजांचा एक गट पातळ कवचाच्या, आत शिरून काही सेंटिमीटरांवर फुटणाऱ्या गोळ्या पसंत करतो. बर्जर कंपनीच्या शिकारी गोळ्या या घराण्यातल्या. आडव्या उभ्या एल्कच्या फुप्फुसांत त्या भयंकर नुकसान करतात, हे खरे. पण फऱ्याचे हाड आडवे आले की त्यांचा भरवसा राहत नाही. डोंगरात जनावर नेहमी आडवे उभे राहत नाही, म्हणून सर्वसाधारण शिकाऱ्याने या वाटेला न जाणे बरे. निव्वळ कागदी लक्ष्यासाठी बनवलेल्या गोळ्या तर एल्कवर वापरूच नयेत.

वजन, व्यास आणि जुना वाद

विसाव्या शतकाच्या मध्यावर या वादाचे दोन सेनापती आयडाहोतच राहत होते. लुइस्टनचे जॅक ओ’कॉनर .२७० मधल्या हलक्या, वेगवान गोळीचे पुरस्कर्ते. सॅमनचे एल्मर कीथ मोठ्या व्यासाच्या, जड गोळीचे. दोघेही बंदुकांवर लिहिणारे, दोघांनीही भरपूर एल्क मारलेले. १९५८ मध्ये आलेले .३३८ विंचेस्टर मॅग्नम कीथच्या विचाराशी जुळणारे होते. आज मागे वळून पाहता दोघांच्याही मतात तथ्य दिसते, कारण त्या काळच्या कवच-गाभ्याच्या गोळीत खोल शिरकावासाठी वजन वाढवणे हा एक हुकमी उपाय होता. बांधणी सुधारली तशी लहान व्यासाची काडतुसेही एल्कच्या योग्यतेला आली.

वजनाची तुलना एका व्यासापुरतीच अर्थपूर्ण असते; व्यास बदलला की छेदघनता (जाडीच्या मानाने वजन; ती जास्त तितकी गोळी खोल शिरते) पाहावी. पौंडातील वजनाला इंचातील व्यासाच्या वर्गाने भागले की ती मिळते. .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी ०.२७१ येते, .२७० ची १५० ग्रेनची ०.२७९, सात मिलिमीटरची १६० ग्रेनची ०.२८३. म्हणजे तिन्ही एकाच पंक्तीतल्या. .२७० ची १३० ग्रेनची गोळी मात्र ०.२४२ वर येते, आणि तिला जोडलेली किंवा तांब्याची बांधणी हवी. ६.५ मिलिमीटरच्या क्रीडमूर काडतुसाची १४० ग्रेनची गोळी छेदघनतेत उत्तम असली, तरी तिचा वेग आणि ऊर्जा कमी, म्हणून अंतराची मर्यादा आखडती ठेवावी लागते.

कोलोरॅडोच्या नियमानुसार एल्कसाठी गोळी किमान .२४ कॅलिबरची आणि ८५ ग्रेनची असावी व १०० यार्डांवर तिची ऊर्जा १,००० फूट-पौंड असावी (एक पौंड वजन एक फूट उचलण्याइतकी ऊर्जा म्हणजे एक फूट-पौंड). हा कायद्याचा तळ आहे, शिफारस नव्हे. आदळताना १,५०० फूट-पौंड असावेत हा शिकाऱ्यांमधला रूढ ठोकताळा; .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी तो ४०० यार्डांवरही पाळते. मात्र ऊर्जेचा आकडा गोळी उमलेल की नाही हे सांगत नाही, त्यासाठी उत्पादकाने दिलेला किमान वेगच पाहावा.

शिसे आणि गिधाडे

शिशाची गोळी शरीरात उमलताना तिचे बारीक कण जखमेच्या वाटेपासून दूरवर पसरतात. क्ष-किरण चित्रात ते पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात. शिकारी जागेवरच आतडी काढून टाकतो आणि ती खायला पक्षी उतरतात. कॅलिफोर्निया काँडोर हे प्रचंड गिधाड १९८२ मध्ये अवघे २२ उरले होते. बंदिस्त पैदाशीनंतर त्यांना पुन्हा सोडण्यात आले, तरी शिशाची विषबाधा हे त्यांच्या मृत्यूचे प्रमुख कारण राहिले. आपल्याकडच्या गिधाडांचा घात डायक्लोफिनॅक या गुरांच्या औषधाने केला. विष निराळे, पण वाट तीच, मेलेल्या जनावराच्या मांसातून. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून वन्यप्राण्यांच्या शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली. ॲरिझोनाने सक्तीऐवजी २००५ पासून काँडोरच्या प्रदेशातील शिकाऱ्यांना शिसेविरहित काडतुसे फुकट देण्याचा मार्ग धरला. घरच्या ताटाचाही प्रश्न आहे: २००८ मध्ये नॉर्थ डकोटात दान केलेल्या हरणाच्या मांसात शिशाचे कण आढळल्यावर ते वाटू नये, असा सल्ला अन्नपेढ्यांना देण्यात आला. एल्कचे मांस कुटुंबाने वर्षभर खायचे असते. तांब्याची गोळी चांगली चालणारी रायफल हाती असेल, तर ती वापरण्याच्या बाजूने एवढे कारण पुरेसे आहे.

तांबे शिशापेक्षा हलके असल्याने (घनता ८.९६, शिशाची ११.३४) सारख्या वजनाची तांब्याची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला स्थिर राहण्यासाठी नळीत आतून कोरलेल्या, गोळीला फिरवणाऱ्या आट्यांचा पीळ अधिक घट्ट लागतो. जुन्या, सैल पिळाच्या रायफलीत जड तांब्याची गोळी नीट फिरत नाही व नेम विखुरतो. म्हणून गोळी बदलली की नळी साफ करून, नव्या गोळ्या कागदावर किती जवळजवळ पडतात ते पाहून, दुर्बीण पुन्हा जुळवावी लागते, आणि हे काम हंगाम उघडण्याच्या बरेच आधी, शिकारीत वापरायच्या त्याच काडतुसांनी करतात.