घड्याळातला एचआरव्ही आणि एचआरव्ही बायोफीडबॅक

मनगटी घड्याळात दिसणारा एचआरव्हीचा (हार्ट रेट व्हेरिएबिलिटी) आकडा आता बहुतेकांच्या ओळखीचा आहे. हृदयाच्या लागोपाठच्या ठोक्यांमधील अंतर किती कमीजास्त होते, याचे ते मिलिसेकंदांतले मोजमाप. वय, झोप, ताप, मद्य यांनुसार ते बदलते. अ‍ॅपल आणि गार्मिन यांची सूत्रे वेगळी असल्यामुळे त्यांच्या आकड्यांची तुलनाही करू नये.

चिंता आणि नैराश्य यांसाठी अभ्यासला गेलेला एचआरव्ही बायोफीडबॅक हा मात्र सराव आहे. घड्याळ घातल्याने तो आपोआप होत नाही. त्यात छातीवरचा पट्टा किंवा कानाच्या पाळीला लावलेला सेन्सर हृदयगतीचा आलेख त्याच क्षणी पडद्यावर काढतो. श्वास घेताना गती वाढते, सोडताना उतरते आणि हा चढउतार सर्वांत मोठा होईल असा स्वतःचा श्वासवेग शोधायचा असतो. प्रौढांमध्ये तो बहुधा मिनिटाला साडेचार ते साडेसहा श्वासांच्या दरम्यान सापडतो, कारण रक्तदाब सावरणाऱ्या प्रतिक्षिप्त यंत्रणेचे एक आवर्तन साधारण दहा सेकंदांचे असते आणि श्वास त्या तालाशी जुळला की दोन्ही लाटा एकमेकींना बळ देतात. येवगेनी वाश्चिलो आणि पॉल लेहरर या संशोधकांनी 2000 साली याच तत्त्वावर शिकवण्याची पद्धत मांडली. हृदयाचे ठोके कमी करणे हे तिचे उद्दिष्टच नाही.

खरी गफलत पुढे होते. सरावाच्या वेळी एचआरव्ही झपाट्याने वाढतो, पण ती वाढ मुख्यतः संथ श्वासाची असते आणि श्वास नेहमीसारखा झाला की ओसरते. तिलाच सुधारणा समजणारे हुरळून जातात, तर महिनाभराने घड्याळातला सकाळचा आकडा तोच पाहणारे सराव सोडून देतात. या दुसऱ्या चुकीची मला अधिक हळहळ वाटते. 2017 सालच्या एका विश्लेषणात 24 अभ्यासांतील 484 जणांच्या ताण व चिंतेत ठळक घट आढळली, आणि ती त्यांनी स्वतः नोंदवलेल्या लक्षणांतली होती. अभ्यास लहान होते, हेही विसरू नये. म्हणून आकड्याऐवजी झोप, धास्ती, चिडचिड यांची रोज नोंद ठेवणे मला कितीतरी अधिक उपयोगाचे वाटते.

हा सराव उपचारांना जोड म्हणून करावा. त्याच्या भरवशावर औषधे बंद करू नयेत. श्वास संथ असावा, पण छाती भरभरून घेऊ नये, कारण त्याने कार्बन डायऑक्साइड घटून चक्कर येते आणि घाबरणारा माणूस अधिकच घाबरतो. हृदयाची लय मुळातच अनियमित असेल किंवा पेसमेकर बसवलेला असेल, तर आलेख फसवा ठरू शकतो. अशांनी आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे.