हॅमॉक सैल, टार्प ताठ

दोन झाडांमध्ये हॅमॉक, म्हणजे झोपायची कापडी झोळी, बांधताना बहुतेकांचा हात आपोआप दोर आवळण्याकडे वळतो. पाठ सपाट राहायला हवी, म्हणजे दोरही सरळ रेषेत हवा, असा त्यामागचा विचार. मग प्रश्न येतो, गाठ कोणती मारू? माझं उत्तर ठरलेलं आहे: गाठीआधी कोन बघा.

वजन सरळ खाली ओढतं, दोर मात्र तिरका असतो. त्यामुळे दोरातल्या ताणाचा जेवढा हिस्सा वरच्या दिशेने लागतो, तेवढाच वजन पेलायच्या कामी येतो. दोर जितका आडवा, तितका हा हिस्सा लहान आणि एकूण ताण मोठा. ७५ किलो वजनाचा माणूस घेऊ. दोर आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक बाजूच्या दोरावर बरोबर ७५ किलोंचा ताण येतो. कोन १० अंशांवर आणला की तो सुमारे २१६ किलो होतो आणि ५ अंशांवर ४३० किलो! माणूस तोच, झाडं तीच. पूर्ण आडव्या दोराला तर अनंत ताण लागेल. कपडे वाळत घालायची दोरी कितीही आवळली तरी ओल्या चादरीखाली झोळ पडतो, तो याचमुळे. हाच ताण झाडांनाही एकमेकांकडे ओढत असतो. म्हणून वाळलेलं किंवा मनगटाएवढं झाड कधीच निवडू नये.

म्हणून कोन ३० अंशांचा धरावा, आणि तो ओळखायला हाताचा उपयोग होतो. तर्जनी आडवी, अंगठा सरळ वर. अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंतची तिरकी रेषा साधारण तेवढ्याच कोनात असते. त्याहून चांगली सोय म्हणजे हॅमॉकच्या दोन टोकांना जोडणारी ठरावीक लांबीची बारीक पण मजबूत दोरी, म्हणजे रिजलाइन. तिची लांबी हॅमॉकच्या सुमारे ८३ टक्के ठेवतात, ३.३५ मीटरच्या हॅमॉकला साधारण २.८ मीटर. झाडांमधलं अंतर बदललं तरी झोळ रोज तोच राहतो. आणि झोळ हवाच, कारण त्यामुळेच कापडात तिरपं झोपता येतं. तिरपं झोपलं की पाठ खरोखर सपाट होते, जे दोर ताणून कधीच साधत नाही.

झाडाभोवती मात्र दोर नको, रुंद पट्टी हवी. ७५ किलोंचा ताण २० सेंटिमीटर जाडीच्या खोडावर ३ मिलिमीटरच्या दोरीने दिला, तर सालीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २५ किलोंचा दाब पडतो. अडीच सेंटिमीटर रुंद पट्टीने तोच दाब ३ किलोंवर येतो. सालीखालचा जिवंत थर चिरडला तर झाडाची वाढच खुंटते, त्यामुळे या बाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही.

आता गाठ. गाठ टिकते ती घर्षणावर. दोर एखाद्या खांबाभोवती गुंडाळला की प्रत्येक वेढ्यागणिक त्याची पकड बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढते. घर्षणांक, म्हणजे दोर घासून किती धरतो त्याचं माप, ०.३ असेल तर एका वेढ्यात पकड साडेसहा पट होते, दोन वेढ्यांत सुमारे ४३ पट, तीन वेढ्यांत २८० पटींहून जास्त. हे गणित अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलरने मांडलं. त्यातला घर्षणांक दोराप्रमाणे बदलतो, आणि तिथेच फसगत होते. डायनीमा या कृत्रिम धाग्याचा दोर वजनाच्या मानाने पोलादाहून कितीतरी मजबूत, पण गुळगुळीत. त्याचा घर्षणांक ०.१ धरला तर साध्या दोराच्या एका वेढ्याचं काम करायला त्याला तीन वेढे लागतात. साध्या दोरावर पक्की बसणारी बोलाइन ही फासाची गाठ यावर हळूहळू सरकू शकते. म्हणून डायनीमाचं टोक त्याच्याच पोकळ विणीत ओवून फास करतात. तो फास हॅमॉकच्या टोकाला बसवायचा आणि झाडाची पट्टी त्यात बेकेट हिच या गाठीने अडकवायची. वजन पडलं की पट्टी स्वतःलाच दाबून धरते आणि सकाळी सहज सुटते.

घाईत मारलेली दुहेरी गाठ कधी टिकते, कधी सुटते, याचं कारण अमेरिकेतल्या एमआयटीतल्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिलं. ताण आल्यावर रंग बदलणारे धागे वापरून त्यांनी गाठींमधला दाब पाहिला. दोर स्वतःवरून जातो त्या शेजारशेजारच्या छेदांवर त्याला उलटसुलट पीळ बसत असेल, तर ते पीळ एकमेकांना अडवतात. पीळ एकाच दिशेचे असतील, तर दोर गडगडत निसटतो.

टार्पचा, म्हणजे हॅमॉकवर ताणायच्या कापडी छताचा, हिशेब उलटा आहे. कापडाचं वजन जेमतेम, पण ते ताठ हवं, नाहीतर पाणी साचतं. खरा भार वाऱ्याचा. ताशी ३६ किलोमीटरचा वारा ३ मीटर लांब आणि दीड मीटर उंच बाजूवर आला, तर ढोबळमानाने २८ किलोंचा जोर लागतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. त्यामुळे इथे सहज कमीजास्त करता येणाऱ्या गाठी हव्यात. टार्प त्याच्या वरच्या दोरावर सरकवायला प्रुसिक गाठ उत्तम. ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी ती १९३१ साली मांडली. बारीक दोरीचा फास जाड दोराभोवती दोन-तीनदा गुंडाळायचा. ताण आला की तो घट्ट धरतो, सैल सोडला की सरकतो. खुंट्यांच्या दोऱ्यांना टॉट-लाइन हिच ही सरकवता येणारी गाठ घालावी, कारण नायलॉन भिजलं की लांबतं आणि सह्याद्रीतल्या पावसात मध्यरात्री दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. पॉलिएस्टरचं टार्प हा त्रास बराच कमी करतं.

एक दोरी अजून लागते. खोडावरून वाहणारं पाणी त्या ३० अंशांच्या उतारावरून पट्टीवाटे थेट अंथरुणात येतं. हॅमॉकच्या अलीकडे पट्टीला सुती दोरीचा तुकडा बांधून खाली लोंबता ठेवला की पाणी तिथेच उतरतं. फक्त तो तुकडा टार्पच्या आडोशाला हवा. बाहेर राहिला तर त्याच्यापुढची पट्टी पावसाने पुन्हा भिजते.