नाव सुचवायचं राष्ट्राध्यक्षांनी, होकार सिनेटचा

१३ नोव्हेंबर २०२४ ला डोनाल्ड ट्रम्प यांनी ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचा प्रमुख, या पदासाठी मॅट गेट्झ यांचं नाव जाहीर केलं. आठ दिवसांनी, २१ नोव्हेंबरला, गेट्झ यांनी माघार घेतली आणि त्याच दिवशी पॅम बॉन्डी यांचं नाव पुढे आलं. या आठ दिवसांत सिनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, एकही मत पडलं नव्हतं की सुनावणी झाली नव्हती. ट्रम्प यांचा शपथविधीसुद्धा दोन महिने लांब होता. तरीही एका मोठ्या खात्याचा माणूस बदलला, तो निव्वळ प्रतिक्रियांच्या जोरावर. रिपब्लिकन सिनेटरांनी बंद दाराआड मोजदाद केली आणि मतं पुरत नाहीत असा निरोप गेला.

आपल्याकडे मंत्रिमंडळात कुणाची वर्णी लागली आणि कुणाचा पत्ता कट झाला हे बहुतेक वेळा शपथविधीच्या सकाळी फोन गेल्यावर कळतं. राज्यघटनेच्या ७५ व्या कलमानुसार पंतप्रधानांच्या सल्ल्याने राष्ट्रपती मंत्री नेमतात, राज्यात १६४ व्या कलमानुसार मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने राज्यपाल. नाराजी व्यक्त होते ती शपथ झाल्यावर. अमेरिकेत मात्र नाव जाहीर होणं आणि खुर्चीत बसणं यांच्यात काही आठवड्यांचं, कधी महिन्यांचं अंतर असतं. ते अंतर घटनाकारांनी मुद्दाम ठेवलं. तिथल्या नेमणुकांवर इतका गदारोळ का होतो, हे समजून घ्यायचं तर त्या अंतराचा इतिहास पाहावा लागतो.

१७८७ च्या राज्यघटनेत शब्द आहेत ‘सल्ला आणि संमती’. राष्ट्राध्यक्षांनी नाव सुचवायचं, सिनेटने संमती द्यायची. सगळा अधिकार एकट्याच्या हातात द्यायला काही जण तयार नव्हते, आणि सगळा सभागृहाकडे गेला तर सौदेबाजी होईल अशी इतरांना धास्ती होती. त्यातून हा मध्यममार्ग निघाला. अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७८८ मध्ये लिहिलं होतं की सिनेट नावं क्वचितच नाकारेल, पण नाकारू शकते या जाणिवेनेच राष्ट्राध्यक्ष नातलग आणि खुशमस्करे पुढे करायला कचरतील. गेट्झ प्रकरणात नेमकं हेच घडलं: नकाराचं मत पडलंच नाही, नुसती त्याची शक्यता पुरली.

पहिला नकार तर थेट जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या वाट्याला आला. ऑगस्ट १७८९ मध्ये त्यांनी सव्हाना बंदरावरच्या एका अधिकारपदासाठी बेंजामिन फिशबर्न यांचं नाव पाठवलं. फिशबर्न स्वातंत्र्ययुद्धात लढलेले, वॉशिंग्टन यांच्या माहितीतले. पण जॉर्जियाच्या सिनेटरांना ते नको होते आणि सिनेटने नाव परत पाठवलं. वॉशिंग्टन यांनी दुसरं नाव दिलं, सोबत पत्रही दिलं. सूर नम्र होता, पण दुखावलेला: शंका होती तर मला विचारायचं होतं, मी कारणं सांगितली असती. त्या राज्याच्या सिनेटरांना मान्य नसलेला माणूस त्या राज्यात नेमायचा नाही, हा संकेत इथून रुजला.

मंत्रिपदासाठी पहिला नकार यायला १८३४ उजाडलं. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांचं ‘बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स’शी वैर होतं. सरकारी ठेवी बँकेतून काढायला अर्थमंत्री विल्यम ड्युएन यांनी नकार दिला, तेव्हा जॅक्सननी त्यांना काढून रॉजर टेनी यांना आणलं. टेनींनी हुकूम बजावला. सिनेटच्या मंजुरीशिवाय त्यांनी नऊ महिने कारभार पाहिला आणि जून १८३४ मध्ये सिनेटने १८ विरुद्ध २८ मतांनी त्यांना घरी पाठवलं. राष्ट्राध्यक्ष जॉन टायलर यांच्या काळात तर कहर झाला. ३ मार्च १८४३, अधिवेशनाचा शेवटचा दिवस. अर्थमंत्रिपदासाठी केलेब कुशिंग यांचं नाव गेलं, १९ विरुद्ध २७ मतांनी पडलं. टायलरनी तेच नाव पुन्हा पाठवलं: १० विरुद्ध २७. तिसऱ्यांदा पाठवलं: २ विरुद्ध २९. सिनेटर जसजसे चिडत गेले तसतशी बाजूची मतं वितळत गेली. टायलर यांच्या चार मंत्र्यांना सिनेटने नाकारलं, हा विक्रम आजही त्यांच्याच नावावर आहे.

एकोणिसाव्या शतकातला खरा रोष मंत्र्यांपेक्षा खालच्या नोकऱ्यांवर होता. सत्ता बदलली की पोस्टमास्तरापासून सगळे बदलायचे, आणि पदांसाठी रांगा लागायच्या. १८८१ मध्ये पद न मिळालेल्या चार्ल्स गिटो याने राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. दोन वर्षांनी, १८८३ मध्ये, पेंडल्टन कायदा आला आणि गुणवत्तेवर नोकरभरती सुरू झाली. तरीही सिनेटच्या संमतीने भरायची हजाराहून जास्त पदं आजही आहेत.

मार्च १९२५ मधली एक दुपार तपशीलात सांगण्यासारखी आहे. कॅल्विन कूलिज यांनी ॲटर्नी जनरल म्हणून चार्ल्स वॉरन यांचं नाव दिलं होतं. वॉरन यांचे साखर कंपन्यांच्या मक्तेदारीशी जुने संबंध होते. मक्तेदारीविरुद्धचे कायदे राबवायचं काम अशा माणसाकडे कसं द्यायचं, हा आक्षेप त्यांच्याच पक्षातल्या सुधारणावाद्यांनी घेतला होता. मतं बरोबरीत अडकली तर उपराष्ट्राध्यक्षांचं मत निर्णायक. पण चर्चा लांबणार, इतक्यात मतदान नाही, असं समजून उपराष्ट्राध्यक्ष चार्ल्स डॉस विलर्ड हॉटेलात वामकुक्षीला गेले. इकडे बोलणारे आटोपले आणि मतदान झालं: ४० विरुद्ध ४०. धावपळ करून डॉसना उठवलं, ते टॅक्सीत बसून निघाले. ते पोचेपर्यंत वॉरन यांच्या बाजूने मत देणारे एकमेव डेमोक्रॅट, नॉर्थ कॅरोलिनाचे ओव्हरमन, यांनी आपलं मत फिरवलं. बरोबरीच उरली नाही. कूलिजनी तेच नाव पुन्हा पाठवलं, तेव्हा पराभव आणखी मोठा झाला. ही गोष्ट डॉसच्या झोपेसाठी सांगितली जाते. माझं लक्ष मात्र त्या आक्षेपाकडे जातं: ज्या खात्याने ज्यांच्यावर नजर ठेवायची, त्यांचाच माणूस त्या खात्यावर. गेली शंभर वर्षं हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक मंत्रिमंडळाच्या वेळी कुणी ना कुणी विचारला आहे.

१९५९ मध्ये आयझेनहॉवर यांचे वाणिज्यमंत्री लुईस स्ट्रॉस ४६ विरुद्ध ४९ मतांनी पडले. अणुशास्त्रज्ञ रॉबर्ट ओपेनहायमर यांचा सुरक्षा परवाना काढून घेण्यात स्ट्रॉस यांचा हात होता, आणि शास्त्रज्ञांनी समितीपुढे येऊन त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली. दोन वर्षांनी जॉन केनेडी यांनी आपल्या ३५ वर्षांच्या भावाला, रॉबर्टला, ॲटर्नी जनरल केलं. घराणेशाहीची ओरड झाली, सिनेटने मान्यता दिली. पण १९६७ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, नातलगांना नेमण्याविरुद्ध कायदा केला. प्रतिक्रिया त्या वेळी हरली, तरी कायद्यात उतरली.

१९७८ च्या सचोटीच्या कायद्यानंतर उमेदवारांना आपली मिळकत आणि गुंतवणूक जाहीर करावी लागते. एफबीआयची तपासणी असते, समितीची लांबलचक प्रश्नावली असते. जोडीला टीव्हीवर दिसणारी सुनावणी. त्यामुळे गेल्या काही दशकांत मताने पडणं जवळजवळ बंदच झालं. आजवर मंत्रिपदाचे नऊ उमेदवार सिनेटने मतदानाने नाकारले, त्यातले शेवटचे १९८९ मधले जॉन टॉवर. बाकीचे मताआधीच मागे फिरतात.

जानेवारी १९९३ चं झोई बेअर्ड प्रकरण हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. क्लिंटन यांनी निवडलेली ही पहिली महिला ॲटर्नी जनरल होणार होती. तिने घरी मूल सांभाळायला आणि गाडी चालवायला कागदपत्रं नसलेलं पेरूचं एक जोडपं ठेवलं होतं आणि त्यांचा सामाजिक सुरक्षा कर वेळेवर भरला नव्हता. वॉशिंग्टनमधल्या जाणत्यांना ही किरकोळ बाब वाटली, समितीतही सुरुवातीला वातावरण सौम्य होतं. मग फोन सुरू झाले. वर्षाला पाच लाख डॉलरहून जास्त कमावणारी वकील पाळणाघराचा खर्च रोज जुळवणाऱ्या आयांना कायदा काय शिकवणार, असा लोकांचा सवाल होता. सिनेटरांच्या कचेऱ्यांतल्या फोनच्या घंटा थांबेनात. २२ जानेवारीला बेअर्ड बाजूला झाल्या. पुढचं नाव किंबा वूड यांचं. त्यांनी दाई ठेवली तेव्हा तसं ठेवणं बेकायदा नव्हतं, करही भरला होता, तरी त्यांनाही थांबावं लागलं. हा मला आजही अन्याय वाटतो. घरात मूल कोण सांभाळतं हा प्रश्न त्याआधी कुठल्या पुरुष उमेदवाराला असा उभा करून विचारला गेला नव्हता. शेवटी जॅनेट रीनो आल्या.

टॉवर यांच्याकडे परत यायला हवं. टेक्सासचे माजी सिनेटर, संरक्षण समितीचे माजी अध्यक्ष, सगळे त्यांना ओळखणारे. थोरल्या बुशनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून निवडलं. दारू, स्त्रियांशी वागणूक आणि शस्त्रकंपन्यांकडून घेतलेलं मानधन, हे तीन आक्षेप. मंत्री झालो तर दारूला शिवणार नाही, असं टॉवरनी जाहीर वचन दिलं. तरी ४७ विरुद्ध ५३ मतांनी ते पडले. छत्तीस वर्षांनी ट्रम्प यांचे संरक्षणमंत्रिपदाचे उमेदवार पीट हेगसेथ यांनीही तेच वचन दिलं. त्यांच्यावरचे आरोप त्यांनी नाकारले. २४ जानेवारी २०२५ ला मतदान झालं: ५० विरुद्ध ५०. मॅककॉनेल, कॉलिन्स आणि मर्कोव्स्की हे तीन रिपब्लिकन विरोधात गेले. उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी निर्णायक मत दिलं आणि हेगसेथ झाले. असं मत मंत्रिपदासाठी लागण्याची ही इतिहासातली दुसरी वेळ. पहिली २०१७ ची, शिक्षणमंत्रिपदाच्या उमेदवार बेट्सी डेव्हॉस यांची.

फरक माणसांत शोधण्याआधी आकडे पाहावेत. १९८९ मध्ये सिनेट विरोधकांच्या हातात होती, २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाच्या. नियमही बदलले. नेमणुकीवरची चर्चा रोखून धरली तर ती संपवायला पूर्वी ६० मतं लागत. नोव्हेंबर २०१३ मध्ये डेमोक्रॅट बहुमताने हा उंबरा साध्या बहुमतावर आणला, सर्वोच्च न्यायालय तेवढं वगळून. ते दार ज्यांनी उघडलं त्यांच्याच विरोधकांना नंतर त्याचा फायदा झाला. आता विरोधी पक्षाच्या सिनेटरला पटवण्याची गरजच राहिलेली नाही, म्हणून दबाव सगळा स्वपक्षातल्या तीन-चार जणांवर येतो.

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींमध्ये एक घोळ हमखास होतो, म्हणून सांगते. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून प्रतिनिधीगृहात, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, आहेत, पण नेमणुकांवर प्रतिनिधीगृहाला मतच नाही. फोन करायचा तर आपल्या राज्याच्या दोन सिनेटरांना.

अशाच एका सिनेटरवर २०२५ च्या सुरुवातीला सगळ्यांची नजर होती. लुइझियानाचे बिल कॅसिडी, पेशाने यकृताचे डॉक्टर. आरोग्यमंत्रिपदासाठी रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांचं नाव आलं होतं. त्यांच्या लसविरोधी भूमिकेमुळे ७७ नोबेल विजेत्यांनी विरोधाचं पत्र लिहिलं होतं. सुनावणीत कॅसिडींनी आपल्या एका रुग्णाची गोष्ट सांगितली. अठरा वर्षांची मुलगी, हेपटायटिस बी, यकृत निकामी, प्रत्यारोपणासाठी हेलिकॉप्टरने हलवावं लागलेली. एका स्वस्त लशीने हे टळलं असतं. पुढे काही दिवसांनी त्यांनी केनेडींच्या बाजूने कौल दिला आणि सभागृहात आपल्याला मिळालेली आश्वासनं एकेक करून वाचून दाखवली. लसीकरण सल्लागार समितीच्या शिफारशींना धक्का लागणार नाही, हे त्यातलं एक. १३ फेब्रुवारीला ५२ विरुद्ध ४८ मतांनी केनेडी मंत्री झाले. जूनमध्ये त्यांनी त्या समितीचे सगळे १७ सदस्य काढून टाकले. ४ सप्टेंबरला ते सिनेटच्या वित्त समितीपुढे पुन्हा बसले, तेव्हा प्रश्न विचारणाऱ्यांत कॅसिडी होते.